‘कुठले पाटील?’ : मुलीच्या नावापुढं आडनाव लावावं का?

करवीरकर
मुलीचं बारसं झालं, नाव ठरलं. आता जन्मदाखल्यासाठी पूर्ण नाव द्यायचंय आणि घरात दोन तट पडलेत. माझं म्हणणं, तिचं नाव, आईचं नाव, माझं नाव, बस्स. ‘पाटील’ नको.

मध्यंतरी राजारामपुरीत भाड्यानं फ्लॅट बघायला गेलो होतो. मालकांनी चहा टाकायला सांगितला आणि नाव विचारलं. “पाटील.” “कुठले पाटील?” “राधानगरीकडचे.” “तसं न्हवं ओ, म्हंजे आपल्यातले का?” चहा येईपर्यंत मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी सगळी चाचपणी झाली. या चारही समाजांत आपल्याकडं पाटील आहेत, त्यामुळं नुसत्या आडनावावर त्यांचं भागेना.

पाटीलकी हा गावचा वतनी हुद्दा. माझ्याकडं ना वसूल ना चावडी, मग ती पाटी पोरीच्या गळ्यात कशाला? १९१८ साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. दप्तर गेलं, आडनाव मात्र शंभर वर्षं उलटली तरी जागेवर आहे.

कागलचा भाचा
पटलं नाही. घरमालकाचा राग आडनावावर काढताय. “पाव्हणं कुठलं?” हे एसटीत शेजारी बसलेला माणूसही विचारतो आणि बहुतेक वेळा त्याला सोयरीक नाहीतर ओळख काढायची असते. ज्याला जातच काढायची आहे तो आईचं माहेर विचारेल, देवक विचारेल. तमिळनाडूत कित्येकांनी जातीची आडनावं टाकून दिली, नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. जात गेली का तिथली? लग्नाच्या जाहिराती वाचा.

आणि आमच्या कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली दत्तक गेले, शाहू झाले, भोसले झाले. कागलात आजही ‘आमचेच’ म्हणतात. नाव बदलून मूळ पुसत नसतं.

धारवाला
आमचं आडनाव शिकलगार. हत्यारांना धार लावणारे. नदाफ कापूस पिंजायचे, अत्तार, तांबोळी, बागवान तर सांगायलाच नकोत. मला लाज नाही वाटत, उलट बरं वाटतं की घराण्याच्या हातात काहीतरी कसब होतं.

जगभर हेच आहे. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट, हंगेरीचा कोवाच, अरबांचा हद्दाद, सगळे मूळचे लोहार. पण कुठला स्मिथ, आमच्यातला का, असं कोण विचारत नाही. तिकडं पोरानं धंदा बदलला की बापाचा धंदा नुसता नावापुरता उरला. इथं धंदाच जन्माला चिकटवला. करवीरकर, दोष विचारणाऱ्याचा आहे, एवढं मात्र भाच्याचं मला मान्य. बाकी तमिळनाडूचं उदाहरण देऊन ‘काही करूच नका’ म्हणणं सोयीचं आहे.

गडहिंग्लजची सून
आडनाव ठेवायचं का टाकायचं हे ठरवतंय कोण, तर ज्यांचं जन्मात कधी बदललं नाही ते. आमचं लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं की झालं. माझं पाळण्यातलं नाव सासरी कुणी घेत नाही. पदवीवर एक, आधारवर दुसरं, पासबुकावर दोन्हींची खिचडी. बँकेत गेलं की राजपत्राची प्रत पिशवीत असावीच लागते.

जपानात नवरा-बायकोला कायद्यानंच एक आडनाव घ्यावं लागतं, आणि बदलते जवळजवळ नेहमी बायकोच. चीन-कोरियात बायका माहेरचंच ठेवतात. आपल्या सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी क्रमच ठरवून दिलाय: बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. तेव्हा आईचं नाव लावताय यात तुमचा मोठेपणा काही नाही, दादा. जे आडनाव काढायचं म्हणताय, त्याबद्दल तिच्या आईचं मत काय आहे ते लिहिलंच नाही तुम्ही.

करवीरकर
वहिनी, बायकोनं स्वतःचं आडनाव बदललेलं नाही. आणि मुलीला ‘पाटील’ लावाच म्हणणारीही तीच आहे! म्हणून तर धागा काढला. मी तिला आइसलँडचं सांगतो. तिथं बहुतेकांना घराण्याचं आडनावच नसतं. बापाच्या किंवा आईच्या नावाला ‘चा मुलगा’, ‘ची मुलगी’ जोडतात आणि पंतप्रधानालाही पहिल्या नावानंच हाक मारतात.

कागलचा भाचा
आइसलँडची अख्खी लोकसंख्या आपल्या कोल्हापूर शहराहून कमी आहे, तिथं काहीही चालतंय. तुर्कस्ताननं १९३४ साली कायदा करून सगळ्यांना आडनावं घ्यायला लावली, ती काय उगीच? आणि इथलं बोलायचं तर जात पडताळणी आहे. ओबीसीला १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, एससीला १९५० च्या आधीचा. आजोबांच्या शाळेच्या दाखल्याशी नातीचं नाव जुळवताना आडनावच नसलं तर पोरगी कचेरीच्या पायऱ्या झिजवणार. आडनाव टाकणं ही ज्यांना दाखला लागत नाही त्यांची चैन आहे.

मोडीवाचक
भाचेसाहेब, जुने कागद बघितलेत का कधी? ‘रामा बिन बाळा, मौजे अमुक’. कित्येक नोंदींत आडनाव नाहीच, असलं तर हुद्दा. जुळणी लागते ती बाप, आजा, पणजा या क्रमानं आणि गावावरून. एकाच गावात पाटलांची चार घराणी असतात, तिथं नुसत्या आडनावावर विसंबलं की वंशावळ भलत्याच घरात शिरते. करवीरकर, दाखल्यावर काय लिहायचं ते तुम्ही दोघं ठरवा. पण दोन्हीकडची पणज्यापर्यंतची नावं गावासकट आत्ताच उतरवून ठेवा. बायकांचीही, कारण जुन्या वंशावळीत ती सापडत नाहीत.

गडहिंग्लजची सून
त्यात आमचं कुठलं लिहायचं म्हणे, पाळण्यातलं का ताटातलं?