विषय: मुलुंडचा फ्लॅट, चेक अडकलाय, तातडीने सांगा

एडिसनकर (न्यू जर्सी, सध्या मुलुंडला):
मंडळी, संक्रांतीला बोललो होतो तोच फ्लॅट. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं, ६ टक्के स्टॅम्प ड्यूटी आणि ३० हजार रजिस्ट्रेशन भरलं, सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) बँकेत दिली, सोमवारी होम लोनचा चेक निघणार होता आणि आज बँकेतून फोन की धाकट्या भावाच्या नावावर नवीन कर्ज दिसतंय. भाऊ लोनमध्ये को-अ‍ॅप्लिकंट (सहअर्जदार) आहे. त्याने पाडव्याच्या ऑफरमध्ये नव्या घरासाठी फ्रिज आणि दोन एसी घेतले, नो कॉस्ट ईएमआयवर. त्याला वाटलं व्याजच नाही तर कर्ज कसलं. विकणाऱ्या काकूंना ४५ दिवसांत पैसे द्यायचे ठरलेत, त्यातले ११ उरले. माझं परतीचं तिकीट २२ तारखेचं आहे. काय करू?

पार्सिपनीच्या वहिनी:
भाऊजी, भावाचं नावच काढून टाका ना लोनमधून. तुमचा एकट्याचा पगार पुरेल की.

माजी खजिनदार:
वहिनी, कृपा करून असं सुचवू नका. अर्जदार बदलला की फाइल पहिल्यापासून, नवीन सँक्शन (मंजुरी), त्यात ११ दिवस सहज निघून जातील. आणि अ‍ॅग्रीमेंटवर भावाचंही नाव आहे ना? बँका सहमालकाला लोनमध्ये घ्यायलाच लावतात. एडिसनकर, दुकानातला ईएमआय म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्जच, ते सिबिलवर, म्हणजे कर्जांच्या नोंदींच्या रिपोर्टवर, येतंच, आणि चेक काढायच्या आधी बँक पुन्हा रिपोर्ट बघू शकते. उद्या सकाळी भावाला उरलेली सगळी रक्कम भरून ते खातं बंद करायला सांगा, नो ड्यूज लेटर (काही देणं बाकी नाही असं पत्र) मेलवर मागवा, आणि बँक स्टेटमेंटसकट स्वतः जाऊन लोन ऑफिसरला द्या. सिबिल बदलायची वाट बघत बसू नका. जानेवारी २०२५ मध्ये कर्ज देणाऱ्यांनी निदान पंधरवड्याला माहिती पाठवायचा नियम आला, तरी ११ दिवसांत नोंद बदलेलच असं नाही.

पार्सिपनीच्या वहिनी:
मी आपुलकीने सुचवलं होतं. आमच्या इथल्या घराच्या क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण व्हायच्या) वेळी ह्यांनी नोकरी बदलली, पगार वाढला म्हणून आम्ही खुशीत, आणि लेंडरने शेवटच्या आठवड्यात जुन्या ऑफिसला फोन केला. क्लोजिंग तीन आठवडे पुढे गेलं, सामान गॅरेजमध्ये आणि मुलं माझ्या बहिणीकडे. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, किल्ली हातात येईपर्यंत नोकरी, गाडी, नवं क्रेडिट कार्ड, कशालाच हात लावू नका.

मेल लिस्ट समन्वयक:
घरखरेदीचं सत्र आमची समिती मे महिन्यात घेतेच आहे, असे प्रश्न तिथे आणावेत ही विनंती. गणपतीच्या हॉलचे मेल यात हरवतायत.

माजी खजिनदार:
मे महिन्यापर्यंत काकू थांबणार आहेत का? ते सत्र मी सुरू केलं होतं, मला माहीत आहे लोक कशासाठी येतात.

सॉमरसेटवाले:
भावाला पैसे कमी पडत असतील तर तुमच्या एनआरई किंवा एनआरओ (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्यातून सरळ ट्रान्सफर करा, रोख किंवा मित्राच्या खात्यातून नको. आमच्या ठाण्याच्या फ्लॅटच्या वेळी सासऱ्यांनी ६ लाख माझ्या खात्यात भरले, प्रेमानेच, पण बँकेने पैसे आले कुठून ते लेखी मागितलं आणि त्यातच आठवडा गेला. आणि २२ ला निघायच्या आधी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी (तुमच्या वतीने दुसऱ्याला सह्या करता याव्यात म्हणून मुखत्यारपत्र) तिथेच करून या. इकडून, अमेरिकेतून, करून पाठवली की ती महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांत तिच्यावर स्टॅम्प ड्यूटी भरावी लागते, शिवाय मूळ कागदाच्या कुरियरची वाट बघा.

एडिसनकर:
सॉमरसेटवाले, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी डोक्यातच नव्हती, उद्या वकिलांकडे जातो. भावाने आत्ताच रक्कम भरली, लेटर ४८ तासांत येईल म्हणतात. तो बिचारा रडवेला झालाय, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, मीच सांगायला हवं होतं सँक्शन लेटर आलं त्या दिवशी. खजिनदार काका, काकूंकडून ८ दिवस जास्त मागितले तर ते साध्या पत्रावर चालेल की अ‍ॅग्रीमेंटला पुरवणी करावी लागेल?