गोठलेल्या नदीवरून चालणे कितपत सुरक्षित असते?

खानापूरकर
नमस्कार. माझा पुतण्या शिक्षणासाठी जानेवारीत कॅनडातील विनिपेगला जात आहे. तेथील आपली काही मुले रेड नदी गोठली की तिच्यावरूनच पलीकडे जातात, असे तो उत्साहाने सांगतो. मी काळजी व्यक्त केली, तर मलप्रभेच्या पुरात पोहणाऱ्याला कसली भीती, असे म्हणून विषय संपवतो. बर्फ किती जाड असावा, आणि पोहता येण्याचा तेथे खरोखर उपयोग होतो का?

निपाणीकर (सध्या मॅनिटोबा)
पोहण्याविषयी आधी लिहितो, कारण खरा धोका त्याच भरवशात आहे. अतिथंड पाण्यात पडताच श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यासाठी १-१०-१ हे सूत्र सांगतात: श्वास ताब्यात आणण्यासाठी १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात अशी सुमारे १० मिनिटे, आणि गारठून शुद्ध हरपण्यापूर्वी साधारण १ तास. म्हणून पोहत न बसता, ज्या दिशेने आलो तिकडेच वळावे, कारण तिकडच्या बर्फाने निदान तेथवर आपले वजन पेललेले असते. पाय जोरात मारत शरीर आडवे करून वर सरकावे आणि उभे न राहता लोळतच दूर जावे.

जाडीबाबत, कॅनडातील रेडक्रॉस एकट्याने चालण्यासाठी किमान १५ सेंटिमीटर सांगते, पण ते पारदर्शक, टणक बर्फासाठी. पांढुरका बर्फ जवळपास निम्माच मजबूत असतो. शिवाय नदीत जाडी जागोजागी बदलते. पुलाच्या खांबांजवळ, वळणावर आणि नाले मिळतात तेथे प्रवाहामुळे बर्फ पातळ राहतो, तर वर साचलेले हिम गोधडीसारखे थंडी अडवते, म्हणून खालचा बर्फ जाड होत नाही. शहरातल्या द फोर्क्स या नदीसंगमाजवळ हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरच देखरेखीखालचा मार्ग खुला करतात. हौस तेथे भागवावी. कॉलेजला मात्र पुलावरून जावे, दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल.

माजी सैनिक, बेळगाव
सहमत आहे. लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीच्या ‘चादरी’वर, म्हणजे बर्फाच्या थरावर, चालणारे स्थानिक लोक काठीने ठोकून, आवाज ऐकून पुढचे पाऊल टाकतात, कालची वाट आज तशीच असेल, असे ते धरून चालत नाहीत. सोबती पाण्यात पडला तर त्याच्याकडे धावू नये, हेही पुतण्याला सांगावे. आधी मदत बोलवावी, मग काठावरूनच दोर किंवा लांब फांदी द्यावी. बाहेर काढल्यावर ओले कपडे बदलून छाती आणि पोट आधी ऊबदार करावे, हातपाय चोळू नयेत, आणि दारू तर मुळीच देऊ नये.

खानापूरकर
आभारी आहे. बर्फात रोवून वर येण्यासाठी टोकदार खिळ्यांच्या मुठी असतात, असे वाचले. त्या येथूनच द्याव्यात का?

निपाणीकर (सध्या मॅनिटोबा)
गरज नाही, येथे मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात मिळतात. मात्र त्या जॅकेटवरून गळ्यात अडकवाव्यात. पाठीवरच्या बॅगेत ठेवल्यास पाण्यात हाती लागणार नाहीत.