लसूणघासात मावा अन् अळी, औषध न मारता काय करता येईल?

निपाणीवाला: नमस्कार मंडळी, अर्धा एकर लसूणघास हाय म्हशींसाठी. शेंड्याला काळा मावा बसलाय, हात लावला की बोटं चिकट व्हायलीत, वर घाटेअळी पण पानं खायलीय. दुकानदार म्हणतोय औषध मारा, पण आज मारून उद्या तोच घास म्हशीला कसा घालायचा? मित्रकीटकांचा कुणाला अनुभव?

खानापूर_शिवार: आधी कापणी चार दिवस अलीकडं घ्या, मावा घासाबरोबरच जातोय. पण सगळं रान एकदम कापू नका, दोन पट्टे उभे ठेवा म्हंजे लेडीबर्ड (मावा खाणारा ठिपक्यांचा भुंगेरा) तिथं राहतोय अन् नव्या फुटीवर परत येतोय. मावा बारीक बघा, एखादा तपकिरी, फुगलेला, कागदासारखा कडक दिसला तर त्याच्या पोटात बारीक परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू हाय, म्हंजे काम सुरू झालंय. अळी बारीक असतानाच एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावणारा विषाणू) नाहीतर बीटी (अळी मारणारा जिवाणू) मारा, ते पण सांजच्याला, उन्हात विषाणू टिकत न्हाई.

अथणीकर_परदेशात: मी न्यूझीलंडात डेअरीवर असतोय, हिकडं कुरणात पांढरा क्लोव्हर (आपल्या बरसीमचा भाऊबंदच). १९९६ ला त्यात मुळं खाणारा सोंडकिडा सापडला, त्याची अळी मुळावरच्या नत्राच्या गाठीच खाती, मग शेतकऱ्याला युरिया वाढवायला लागतोय. लसूणघासाच्या सोंडकिड्यासाठी मोरोक्कोची गांधीलमाशी १९८२ लाच आणली होती, पण ती ह्या क्लोव्हरच्या किड्यावर चालली न्हाई, म्हणून आयर्लंडची आणून २००६ ला सोडली. तिच्यात नर लागतच न्हाई, मुद्दाम तसलीच निवडली, मोरोक्कोवालीबरोबर संकर नको म्हणून. ती पूर्ण वाढलेल्या किड्याच्या पोटात अंडं घालती, मग किडा मादी असली तरी अंडी घालायची बंद!

चिक्कोडीचे_काका: परदेशचं कशाला, २००२ ला सांगलीकडनं उसाला लोकरी मावा आलता तवा आपल्याकडं काय झालं आठवा की. औषधानं हाटला न्हाई, डिफा अन् मायक्रोमस ह्या मावा खाणाऱ्या मित्रकिड्यांनी आटोक्यात आला, धारवाडच्या कृषी विद्यापीठानं मायक्रोमस वाढवायचं काम केलंतं. तवा पण घाई करून औषध मारणाऱ्यांनी मित्रकिडेच मारले.

निपाणीवाला: काका बरोबर. तपकिरी मावा सापडला, बरेच हाईत! पट्टे ठेवतोय. एनपीव्ही कुठं मिळंल?

खानापूर_शिवार: रयत संपर्क केंद्रात विचारा, न्हाईतर मत्तीकोपच्या केव्हीकेला (कृषी विज्ञान केंद्राला) फोन लावा. बाटलीवरची तारीख बघूनच घ्या.