बेडूक कमी झाले तर गवताचं काय? आठवीची उत्तरं बघून डोकं फिरलं

नाशिकरोडचा_मास्तर:
चाचणीत गवत, नाकतोडा, उंदीर, बेडूक, साप, घार असं अन्नजाळं काढून दिलं आणि विचारलं बेडूक एकदम कमी झाले तर बाकीच्यांचं काय होईल. अर्ध्या वर्गाने 'साप उपाशी राहतील' एवढं लिहून विषय संपवला. नाकतोडे वाढतील हे काहींनी लिहिलं पण गवताला म्हणे काहीच होणार नाही, कारण बेडूक गवत खातच नाही! काहींनी तर 'सगळे मरतील' लिहून टाकलंय. आणि उंदरावर कोणी वाढतील म्हणतंय कोणी घटतील, दोन्हीकडची कारणं पटतात, मार्क कसे द्यायचे?

जीवशास्त्रवाली:
सर आधी बाण कसा वाचतात ते तपासा, बऱ्याच पोरांना 'गवत → नाकतोडा' म्हणजे गवत नाकतोड्याला खातं असंच वाटतं, अन्न कुणाकडे जातं ते बाण दाखवतो हे डोक्यात नसतं. उंदराचं म्हणाल तर बेडूक मिळेना म्हणून साप उंदरांवर तुटून पडले तर उंदीर घटणार, नाकतोड्यांनी गवत फस्त केलं तरी घटणार, पण सापच कमी झाले तर वाढणार. तिन्ही वाटा खऱ्या, कुठली जड पडेल ते नुसत्या चित्रावरून कळत नाही. मी तर वाट लिहिली असेल तर पूर्ण मार्क देते, नुसतं 'वाढतील' लिहिलं तर अर्धा.

द्राक्षवाला_दिंडोरी:
सर आमच्या बागेत आणा पोरांना. मिलीबग म्हणजे द्राक्षावरची रस शोषणारी पांढरी कीड, तिला खाणारा लेडीबर्ड भुंगा असतो, क्रिप्टोलेमस, पण मिलीबग दिसला की लोक भारीतलं औषध मारतात, त्यात लेडीबर्ड पण जातो आणि सालीखाली लपलेला मिलीबग वाचतो, मग खाणारं कोणी उरलं नाही की परत वाढतो. काही पायरेथ्रॉइड औषधांनी तर लाल कोळी (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो कोळी उसळतो, जो आधी त्रासच देत नव्हता. वरचा गेला की खालचा वाढतो हे आम्हाला पानावर दिसतं राव.

गंगापूररोड_वाचक:
'सगळे मरतील' वाल्यांना अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचं सांगा. 1926 पर्यंत तिथले लांडगे संपवले, म्हणून जंगल मेलं का? एल्क हरणं माजली आणि विलो, अस्पेनची कोवळी झाडं खाऊन टाकायला लागली. 1995-96 ला लांडगे परत सोडले. फक्त लांडग्यांनी नद्या बदलल्या वाला व्हिडिओ जसाच्या तसा दाखवू नका, त्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाहीये, तिथल्या बदलांमागे अस्वलं, शिकार, दुष्काळ अशी इतर कारणंही आहेत.

नाशिकरोडचा_मास्तर:
मिलीबगचंच जाळं देतो उद्या. दादा, त्यात मुंगी कुठे जोडू?

द्राक्षवाला_दिंडोरी:
मिलीबगकडून मुंगीकडे बाण, त्याचा चिकट गोड रस पिते ना ती. आणि त्यासाठी लेडीबर्डला हाकलून लावते, ते खाण्याच्या बाणात बसणार नाही, तिथं तुटक रेघ मारा.