लाइट परत आल्यावर मशीन उठत नाही, त्याचं काय?
घरच्या सर्व्हरची तीन जुनी मशीनं काढून सगळं एका प्रॉक्समॉक्सवर (एकाच मशीनवर अनेक आभासी मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर) आणलं की वीजबिल उतरतं, हे वरच्या पोस्टमधलं म्हणणं बरोबरच. पण ‘खाली यूपीएस ठेवला की विषय संपला’ हे त्यातलं वाक्य काही पटत नाही. आमच्याकडे सांगलीत वळीव सुरू झाला की लाइट जा-ये करते, आणि खरी गंमत लाइट आल्यावर असते. बॅटरी उतरली म्हणून नटने (NUT, यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) होस्ट, म्हणजे प्रॉक्समॉक्सचं मशीन, नीट बंद केला, पण यूपीएसमध्ये थोडी धुगधुगी असतानाच लाइट आली, तर मशीनच्या लेखी वीज कधी गेलेलीच नसते. मग बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आल्यावर चालू हो’ असं करून ठेवलं असलं तरी ते ढिम्म हलत नाही. आईला फोन करून ‘ते काळं बटण दाब’ म्हणावं लागतं. यावर उपाय म्हणजे होस्ट बंद होताना अगदी शेवटी नटकडून यूपीएसलाच आउटपुट तोडायला सांगायचं, म्हणजे मशीनच्या लेखीही वीज जाऊन परत येते. स्वस्तातले काही यूपीएस ते ऐकत नाहीत, घेण्याआधी बघा.

शिवाय प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएमला (आभासी मशीनला) बंद व्हायला मुळात 180 सेकंद देतं. बॅटरी तेवढी टिकत नसेल तर आकडा उतरवा. पायहोल (जाहिराती अडवणारं, घरच्या नेटला साइटचे पत्ते शोधून देणारं सॉफ्टवेअर) मात्र मी जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या वेगळ्या संगणकावरच ठेवलंय. होस्ट झोपला तरी घरच्यांचं नेट चालू राहतं.