एकाच एजन्सीवरचं अवलंबित्व कमी करायचंय, करारातल्या अटीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. मी देवगडहून लेबल आणि पॅकेजिंग डिझाइनची कामं करते. निम्म्याहून बरंच जास्त उत्पन्न पुण्याच्या एकाच एजन्सीकडून येतं. माणसं चांगली आहेत, पण बिलं दोन-दोन महिने अडकतात. आता नव्या करारात त्यांना अट हवी आहे की करार चालू असताना आणि संपल्यावर वर्षभर दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही.

वकिलांना विचारलंय. करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे करार संपल्यानंतरची बंदी सहसा टिकत नाही, चालू करारातली मात्र टिकू शकते. माझी खरी अडचण तीच आहे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, त्यामुळे लेखी करारातही ४५ दिवसांपलीकडे पैसे लांबवता येत नाहीत हे ठाऊक आहे. पण तक्रार करून संबंध तोडायचे नाहीत.

आंबा पेट्या, कोकम आगळाच्या बाटल्या, मालवणातले होमस्टे अशी कामं मिळवली. पैसे वेळेवर येतात. पण आंब्याचं काम मे महिन्यात आटोपतं, पावसाळ्यात पर्यटनही थंडावतं, आणि मग पुन्हा एजन्सीच उरते. घराचा हप्ता आहे, एकदम सोडणं शक्य नाही. मुंबई-पुण्याला जाणंही नाही.

अशी अट कुणी बोलणी करून काढून घेतली आहे का? बदल्यात काय देऊ केलंत, महिन्याचे ठरावीक तास, की फक्त त्यांच्या ग्राहकांपुरती बंदी? आणि कोकणात राहून जून ते सप्टेंबर काम देणारे ग्राहक कोणत्या व्यवसायांतून मिळाले?