मदत हवी आहे: एफसीएस (गेल्या ७ दिवसांत कोणते अन्नगट किती दिवस खाल्ले, याचे गुण; जास्त म्हणजे चांगलं) चांगला येतोय, पण आरसीएसआयही (अन्न कमी पडल्यावर घर काय तडजोडी करतं, त्याचा निर्देशांक; जास्त म्हणजे वाईट) वाढलेला. कुठे चुकतंय?

रेशन वाटपानंतरच्या सर्वेक्षणाचं विश्लेषण चालू आहे. वाटपात धान्य, डाळ, तेल आणि साखर होती. एफसीएसला २१/३५ या नेहमीच्या सीमा (२१ पर्यंत ‘अपुरा’, ३५ च्या वर ‘समाधानकारक’) लावल्या तर बहुतेक कुटुंबं ‘समाधानकारक’ गटात जातात. त्याच कुटुंबांचा आरसीएसआय मात्र १९ च्या वर आहे. अशा आकड्यांवरून मदत कमी केली जाईल, ही धास्ती आहे. आधी काय तपासू?

प्रतिसाद १
आधी सीमा. तेल-साखर जवळपास घरोघरी रोज असेल तर २८/४२ लावतात, कारण या दोहोंचेच ७ गुण (७ × ०.५, दोनदा) आपोआप पडतात.

मग मासे आणि दूध बघा, खरी गफलत बहुधा तिथेच असते. दोन्हींचा भार (खाल्लेल्या दिवसांना ज्याने गुणतात तो आकडा) ४ आहे. डाळ संपलेलं एक घर घ्या: धान्य (भार २) ७ दिवस म्हणजे १४, तेल-साखर ७, भाजी (भार १) ५ दिवस म्हणजे ५. बेरीज २६, म्हणजे २८ च्या खाली, ‘अपुरा’ गट. कालवणात चवीपुरती घातलेली सुक्या मासळीची पूड ‘मासे, ३ दिवस’ अशी नोंदली की १२ वाढून ३८ होतात. २१/३५ च्या हिशेबात हे घर थेट समाधानकारक! चिमूटभर मासळी आणि चहातलं दूध मसाल्यांच्या गटात जातं, तिथे भार शून्य.

प्रतिसाद २
भात ७ दिवस आणि भाकरी ५ दिवस असं वेगळं विचारलं असेल, तर धान्य गटाची बेरीज ७ वर थांबवलीय ना? एकूण गुण ११२ (जास्तीत जास्त शक्य गुण) च्या वर गेलेली एकही नोंद दिसली, तर सूत्रातच चूक आहे. मुलाखतीची आणि वाटपाची तारीखही शेजारी ठेवा. वाटपानंतरच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं तर भरलेलं घरच दिसणार.

धागाकर्ता
बेरीज ७ वर थांबवली आहे. मासळी किती घातली, हे मात्र प्रश्नावलीत नव्हतंच. आता?

प्रतिसाद १
मग सरसकट काढून टाकू नका. मासे नोंदवलेल्या घरांतून काही घरं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि फोनवर विचारा: मासळी वाट्याला तुकडा म्हणून आली, की फक्त चवीला? मूळ रकाना तसाच ठेवून दुरुस्ती नव्या रकान्यात करा. अहवालात दोन्ही निकाल द्या.

एवढं करूनही तफावत उरली तर ती खरी असू शकते. एफसीएस फक्त किती दिवस आणि कोणते गट हे मोजतो, ताटात किती पडलं ते नाही. घरात कोण अर्धपोटी राहिलं, हेही त्यात येत नाही. मोठ्यांनी मुलांसाठी कमी खाल्लं, याला आरसीएसआयमध्ये ३ चा भार आहे. पाच प्रश्नांतला तो सर्वांत जड. उसनवारीला २, बाकी तिघांना १-१. एकत्रित आकड्याऐवजी हे पाच प्रश्न अहवालात सुटे दाखवा. मदत कमी करायची की नाही, हे ठरवणाऱ्यांना तो तक्ता दिसायलाच हवा.